फौंड्रीतली धूळ आणि सिलिकोसिस: खात्यापासून भरपाईपर्यंत काय काय करायचे

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शहरातले शिवाजी उद्यमनगर. कोल्हापूरच्या या पट्ट्यात पंप, इंजिन, ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. प्रत्येक ओतीव भागामागे वाळूचा एक साचा असतो. साचा भरताना, फोडताना आणि माल घासताना त्या वाळूची जी धूळ उडते, तिच्याबद्दल हा लेख आहे. फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणे), नॉकआऊट (साचा फोडून माल काढणे), शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्‍यांच्या झोताने माल साफ करणे), सँड प्लँट किंवा मोल्डिंगवर (साचा भरणे) काम करणारे, त्यांच्या घरचे, खात्याचे सुपरवायझर आणि लहान फौंड्रीचे मालक यांच्यासाठी तो लिहिला आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, औषधाने बरा होत नाही. काम सोडल्यावरही तो पुढे वाढू शकतो. त्यामुळे हातात दोन गोष्टी उरतात. एक, धूळ छातीत जाण्याआधी अडवणे. दुसरी, आपण हे काम केले याचा पुरावा आजार दिसण्याआधीच जमवायला लागणे. पहिलीबद्दल निदान बोलले तरी जाते. दुसरीकडे बहुतेकांचे लक्ष जाते ते फार उशिरा, तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि हजेरीपुस्तक रद्दीत गेलेले असते.

कोणती धूळ वाईट, आणि का

फौंड्रीची वाळू बहुतांशी क्वार्ट्झ असते, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे भागात अशा सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, याची गोष्ट वेगळी. त्यात सुटी सिलिका फार थोडी असते. "आमच्या गावात खडीच्या क्रशरवर लोकांनी जन्म काढला, त्यांना काही झालं नाही," असे कोणी म्हणाले तर ही तुलना चुकीची आहे हे लक्षात घ्या. क्रशरची धूळही चांगली नाहीच, पण फौंड्रीची धूळ तिच्यापेक्षा घातक आहे.

वाळूचा अख्खा कण जड असतो. तो खाली बसतो किंवा नाकात अडकतो. धोका त्याच्या भुग्यात आहे. एकच वाळू पुन्हा पुन्हा वापरली की प्रत्येक ओतकामाच्या उष्णतेने तिचे कण तडकतात आणि बारीक होत जातात. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतः मरतात. त्या जागी सूज येते, मग व्रण धरतो आणि गाठी तयार होतात. नुकताच फुटलेला कण जुन्या कणापेक्षा जास्त त्रासदायक असतो. ग्राइंडर मारताना उडणारी धूळ म्हणूनच विशेष वाईट.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जी धूळ नाचताना दिसते, तिच्यातला मोठा भाग जाड कणांचा असतो. दिसणारी धूळ खाली बसली म्हणजे हवा स्वच्छ झाली असे होत नाही. बारीक कण पाळी संपल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

साधारण मध्यम धुळीत दहा किंवा जास्त वर्षे काढल्यावर जुनाट प्रकारचा सिलिकोसिस दिसतो. धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षांत, आणि फारच दाट असेल तर त्याहीआधी, कधी काही महिन्यांतही आजार उभा राहतो. स्फटिकरूप सिलिकेमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मान्य केले. क्षयरोगाचा धोका तर अनेक पटींनी वाढतो. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

आधी आपले खाते नीट बघा

एक पाळीभर वही जवळ ठेवा आणि धूळ नेमकी कोणत्या क्षणी उडते ते लिहा. सगळ्या फौंड्रीत धूळ सारखी नसते. ओल्या वाळूचे मोल्डिंग चालू असते तेव्हा ती कमी असते. साचा तापून कोरडा झाला, त्यात माल थंड झाला आणि नॉकआऊटवर तो हलवून फोडला की एकदम ढग उठतो. फेटलिंगमध्ये मालाला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने किंवा चिपिंग हॅमरने काढतात, तिथे कामगाराचे तोंड मालापासून हातभर अंतरावर असते. शॉट ब्लास्टिंग मशीनचा दरवाजा, त्याचे झिजलेले रबर, सँड प्लँटचा पट्टा आणि बकेट एलिव्हेटरच्या फटी यांतून दिवसभर गळती चालू असते. भट्टीचे अस्तर फोडणे हे कधीतरीच येणारे काम, पण त्या तासाभरात महिन्याची धूळ खाल्ली जाते.

पाळी संपताना अनेक ठिकाणी एक गोष्ट सर्रास चालते. कामगार एअर होज हातात घेतो आणि डोक्यावर, अंगावर, कपड्यांवर "हवा मारून" घेतो. खात्यातली सगळ्यात बारीक धूळ त्या दाबाच्या हवेने थेट त्याच्या नाकासमोर उडते आणि शेजारी उभ्या असलेल्या चौघांच्याही. ही सवय आजपासून बंद करता येते, तिला एक रुपया लागत नाही.

धूळ मोजली आहे का, हेही विचारा. मोजणीचा अहवाल मिळाला तर त्यात चार गोष्टी बघा. यंत्र कामगाराच्या छातीवर, नाकाजवळ लावले होते की खात्याच्या कोपऱ्यात स्टूलवर ठेवले होते? पूर्ण पाळी मोजली की अर्धा तास? एकूण धूळ मोजली की श्वासातून आत जाणारी बारीक धूळ वेगळी काढली? आणि त्या बारीक धुळीत क्वार्ट्झ किती टक्के निघाले? शेवटचा आकडा नसेल तर तो अहवाल सिलिकेबद्दल काहीच सांगत नाही.

कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेली मर्यादा अशी काढतात: १० ला (क्वार्ट्झचे टक्के अधिक २) ने भागायचे, उत्तर दर घनमीटर हवेत मिलिग्रॅममध्ये येते. बारीक धुळीत १८ टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले २०, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम. इतक्या धुळीत सिलिका ०.०९ मिलिग्रॅम होते. अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकेची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे आपल्याकडे अहवालात "मर्यादेत" लिहिलेले असतानाही कामगार तिथल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट सिलिका आत घेत असू शकतो. "मर्यादेत आहे" म्हटल्यावर विषय संपला असे मानू नका.

धूळ उगमापाशी अडवा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धूळ तयार होऊ न देणे, मग ती जिथे होते तिथूनच ओढून घेणे, मग माणसाला तिच्यापासून लांब ठेवणे, आणि शेवटी मास्क. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. पहिल्यांदा मास्कचा खोका येतो आणि बहुधा तिथेच सगळे थांबते.

साच्याचा दर्जा सुधारला तर मालाला जळकी वाळू कमी चिकटते. साच्याला चांगला लेप, ओतण्याचे तापमान आटोक्यात आणि वाळूतले बारीक पीठ वेळच्या वेळी काढून टाकणे, एवढ्याने फेटलिंगचे काम आणि धूळ दोन्ही उतरतात. मालकाला हे पटवणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात ग्राइंडिंग व्हीलचा आणि मजुरीचा खर्चही वाचतो. काही कामांसाठी सिलिकेऐवजी ऑलिव्हिन किंवा क्रोमाइट वाळू वापरता येते. ती महाग पडते, त्यामुळे सगळ्या मालाला नाही, पण जिथे वाळू जास्त जळते तिथे तरी विचार करावा. वाळूच्या झोताने माल साफ करणे पूर्ण टाळावे. तिथे पोलादी शॉट वापरावा.

नॉकआऊटला तीन बाजूंनी बंदिस्त हूड आणि त्याला जोडलेले सक्शन हवे. पंखा लावून धूळ दुसरीकडे ढकलणे म्हणजे सक्शन नव्हे. नॉकआऊटच्या मागे मोठा पेडस्टल पंखा दिसला तर समजा, धूळ शेजारच्या खात्यात पाठवली जात आहे. फेटलिंगच्या टेबलाला खालून किंवा मागून ओढणारी जाळी बसवता येते. ग्राइंडरच्या गार्डलाच सक्शनची नळी जोडणारी साधनेही मिळतात. सक्शन आहे पण चालत नाही, ही नेहमीची तक्रार. तपासायची सोपी रीत अशी: कामाच्या जागी, धूळ उडते त्या टोकाशी, अगरबत्ती धरा. धूर सरळ हूडकडे ओढला जात असेल तर ठीक. इकडेतिकडे रेंगाळला तर बॅग फिल्टर तुंबला आहे किंवा डक्टला भोक आहे.

झाडू बंद. कोरडी झाडलोट फौंड्रीत नसावीच. औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. तो नसेल तर आधी पाणी शिंपडून मगच वाळू ओढावी. एक सावधगिरी सांगतो: वितळलेल्या धातूच्या आसपास पाणी जाऊ देऊ नका, स्फोट होतो. पाणी कुठे मारायचे आणि कुठे नाही, हे खात्यात रंगाने आखून ठेवा.

कामाचे कपडे कारखान्यातच बदला आणि तिथेच धुऊन मिळावेत अशी मागणी करा. त्या कपड्यांवर घरी लेकराला मांडीवर घेतले की धूळ घरात जाते. बायको हेच कपडे आपटून धुते, तीही धुळीत येते.

मास्कबद्दल थोडके

तोंडाला रुमाल, गमछा किंवा दवाखान्यातला हिरवा-निळा मास्क बांधून सिलिका अडत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी२ किंवा एफएफपी३ मास्क घ्या, निदान खरा एन९५ तरी. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते आणि मास्क निरुपयोगी होतो. घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास आत ओढा. मास्क किंचित आत दबला पाहिजे. कडेने वारा लागला तर तो नीट बसलेला नाही. घामाने भिजला किंवा श्वास घ्यायला जड वाटू लागला की बदला. तो धुऊन वापरायचा नसतो. भट्टीजवळच्या उष्णतेत आठ तास असा मास्क लावणे फार कठीण जाते, हे कामगार सांगतात ते खरे आहे. म्हणून फेटलिंगसारख्या सततच्या कामाला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेट द्यावे. ते महाग असले तरी माणसाला पाळीभर सोसवते.

तपासणी: डॉक्टरला आधी काम सांगा

सुरुवातीला काहीच कळत नाही. पुढे जिना चढताना दम लागतो, सायकल मारताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही, वजन उतरते. या लक्षणांआधीच एक्स-रेमध्ये बदल दिसू शकतात. म्हणून त्रास नसतानाही एक्स-रे हवा.

दवाखान्यात गेल्यावर बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "विडी-सिगारेट ओढता का?" काम काय करता, हे क्वचितच विचारले जाते आणि विचारले तरी "कंपनीत" एवढ्यावर भागवले जाते. हे उत्तर देऊ नका. असे सांगा: "मी २०११ पासून फौंड्रीत फेटलिंग करतो, ग्राइंडर मारतो, सिलिका वाळूची धूळ असते, रोज आठ तास." आणि डॉक्टरांना विनंती करा की हे वाक्य केसपेपरवर लिहा. केसपेपरवरची ही एक ओळ पुढे कोणत्याही साक्षीपेक्षा जास्त कामाला येते, कारण ती भांडण सुरू होण्याआधी, तिऱ्हाईत माणसाने, तारखेसह लिहिलेली असते.

तपासण्या कोणत्या? छातीचा पूर्ण आकाराचा, शक्यतो डिजिटल एक्स-रे. सिलिकोसिसमध्ये गोल बारीक ठिपके बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, आणि कधी मधल्या ग्रंथींच्या कडेला अंड्याच्या कवचासारखी चुन्याची रेघ. हा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे वाचलेला असावा, म्हणजे अहवालात १/०, १/१, २/२ असे आकडे येतात. असा वाचणारा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो. म्हणून मूळ फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, नुसता छापील अहवाल पुरत नाही. दुसरी तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची. ती सुरुवातीला चांगलीही येऊ शकते, त्यावरून आजार नाही असे ठरत नाही. एक्स-रेवर शंका राहिली तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन.

निदान तीन गोष्टींवर उभे राहते: धुळीच्या कामाचा इतिहास, एक्स-रेवरचे जुळणारे बदल, आणि तसेच दिसणारे दुसरे आजार वगळणे. म्हणजे कामाचा इतिहास नसेल तर निदानच अर्धे राहते.

कोल्हापुरात सरकारी तपासणीसाठी सीपीआर रुग्णालय आहे. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कार्ड असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा. या विमा महामंडळाची व्यावसायिक आजारांची वेगळी केंद्रे देशात मोजकीच आहेत, त्यांतले एक मुंबईत आहे. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या विषयातली देशातली मुख्य संशोधन संस्था आहे.

निदान झाले तर धुळीचे काम थांबवा, तंबाखू-विडी सोडा, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. आजार परत फिरत नाही, पण जे फुप्फुस उरले आहे ते राखता येते.

"टीबी आहे" एवढ्यावर थांबू नका

इथे सगळ्यात जास्त नुकसान होते. सिलिकोसिसची लक्षणे टीबीसारखीच असतात आणि एक्स-रेही वरवर सारखा दिसतो. कामगाराला सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स दिला जातो, फरक पडत नाही, पुन्हा कोर्स दिला जातो. कागदोपत्री तो कायमचा "टीबीचा पेशंट" होतो. टीबी हा जंतूंमुळे होणारा आजार, त्यात मालकाचा काय संबंध, असे म्हणून भरपाईचा मार्ग तिथेच बंद होतो.

टीबीचे निदान थुंकीच्या तपासणीवर झाले की नुसत्या एक्स-रेवर, हे विचारा. सीबीनाट किंवा तशी जनुकीय तपासणी झाली का? ती नकारात्मक असूनही औषधे चालू आहेत का? त्याचे कागद जपा. उलट बाजूही तितकीच खरी आहे: सिलिकोसिस असलेल्याला टीबी खरोखर सहज होतो आणि तो झाला तर उपचार पूर्ण घ्यायलाच हवेत. दोन्ही आजार एकत्र असले तर कायद्याच्या यादीत त्याला वेगळे नाव आहे, सिलिको-ट्युबरक्युलोसिस, आणि तो व्यावसायिक आजारच धरला जातो. म्हणजे टीबी निघाला म्हणून हक्क जात नाही. टीबी नसलेल्या सिलिकोसिसच्या रुग्णाला प्रतिबंधक औषध द्यावे का, याचा विचार राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. सरकारी दवाखान्यात तसे विचारा.

कागदांची पिशवी

आजारी नसाल तरी आजपासून हे जमवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर, शिवाय घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर.

- पगाराची पावती, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, रोख मिळत असेल तर स्वतःच्या वहीत तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचे नाव
- पीएफचा यूएएन क्रमांक आणि पासबुक, ईएसआयचा क्रमांक
- ओळखपत्र, गेटपास, ठेकेदाराने दिलेली कोणतीही चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचे पाळीचे किंवा उचलीचे निरोप
- कोणत्या फौंड्रीत, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या खात्यात, कधीपासून कधीपर्यंत, याची तुमच्या हाताने लिहिलेली यादी
- दोन-तीन सहकाऱ्यांची नावे आणि गावचे पत्ते, कारण मोबाइल नंबर बदलतात
- सगळे केसपेपर, एक्स-रे, थुंकीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या

फेटलिंगचे काम बहुतेक ठिकाणी ठेक्यावर, टनाच्या दराने चालते. त्यामुळे कंपनीच्या रजिस्टरवर तुमचे नावच नसते. अशांसाठी यातला पीएफ आणि बँकेचा भाग फार महत्त्वाचा. पासबुकावर ठेकेदाराचे नाव असले तरी त्याच काळात तो कोणत्या फौंड्रीत माणसे पुरवत होता, हे दुसऱ्या कागदांवरून दाखवता येते.

कायदा काय म्हणतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली, आणि नुकसानभरपाईचा १९२३ चा व कामगार विम्याचा १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. सिलिकोसिससारखे आजार बऱ्याचदा जुन्या कायद्याच्या काळातल्या कामातून आलेले असतात. अर्जावर कोणत्या कायद्याचे कलम घालायचे हे वकिलाला ठरवू द्या. मूळ हक्कांची चौकट दोन्हीकडे बरीचशी सारखी आहे.

फौंड्री हा कायद्याच्या यादीत धोकादायक प्रक्रियेचा उद्योग आहे. त्यामुळे काही गोष्टी मालकाच्या मर्जीवर राहत नाहीत. कामावर घेण्याआधी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही वैद्यकीय तपासणी करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. जुन्या कायद्याने दोन तपासण्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नव्हते. "काम सोडल्यानंतरही" हे शब्द बहुतेक कामगारांना कोणी वाचून दाखवलेले नसतात. आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगाराला बघू देणे हेही बंधनकारक आहे. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितले.

सिलिकोसिस हा कळवणे सक्तीचा आजार आहे. मालकाने तर कळवायचेच, पण तपासणाऱ्या डॉक्टरनेही तो सरकारला कळवायचा आहे. खासगी डॉक्टर सहसा हे करत नाहीत. त्यांना नम्रपणे आठवण द्या आणि कळवलेल्या पत्राची प्रत मागा.

नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी किमान कामगारांची संख्या १० वरून २० वर गेली. लहान फौंड्रीतल्या माणसांसाठी ही गोष्ट मला काळजीची वाटते, कारण सक्शनशिवायचे फेटलिंग बहुधा तिथेच चालते. धोकादायक कामात एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. लहान खात्यांमधल्या कामगारांनी आणि संघटनांनी तो धरून बसले पाहिजे.

भरपाईचे दोन रस्ते

पहिला ईएसआयचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. सिलिकोसिस कामामुळे झालेली इजा मानला जातो. वैद्यकीय मंडळाने कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवायचे, आणि सरासरी पगाराच्या ९० टक्के रकमेच्या त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. कामगार गेला तर पत्नी-मुलांना आश्रितांचा लाभ आहे. अमुक महिने वर्गणी भरली पाहिजे अशी अट कामाच्या इजेला नसते. मंडळाने ठरवलेली टक्केवारी कमी वाटली तर त्यावर अपील करता येते, आणि बऱ्याचदा करावे. मालकाने तुमचे नावच भरले नाही म्हणून गप्प बसू नका. महामंडळाकडे लेखी तक्रार द्या, त्याच्याकडून वसुली करण्याचा अधिकार महामंडळाला आहे.

दुसरा रस्ता ईएसआयमध्ये नसलेल्यांचा, नुकसानभरपाईचा. दोन्हीकडून एकाच इजेचे पैसे मिळत नाहीत. १९२३ च्या कायद्याच्या हिशोबाने कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणायचे. हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये. वय ४० असेल तर गुणक १८४.१७. म्हणजे १५,००० चे ६० टक्के ९,०००, त्याला १८४.१७ ने गुणले की १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले तर याचे ४० टक्के, ६,६३,०१२ रुपये. मृत्यू झाल्यास ६० ऐवजी ५० टक्के धरतात. वेळेत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागते, दंड वेगळा. हा हिशोब स्वतः करून बघा, म्हणजे "पन्नास हजार घे आणि सही कर" असे कोणी म्हणाल्यावर आपण काय सोडून देत आहोत ते कळेल.

एकापेक्षा जास्त फौंड्र्यांत काम केले असेल तर जबाबदारी त्यांच्यात वाटली जाते. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. काम सोडल्यावर आजार उघड झाला तरी दावा चालतो. निदान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा. उशीर झाला असेल तर कारण लिहून तरीही करा, योग्य कारण मान्य करण्याचा अधिकार असतो.

राजस्थानने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आणून प्रमाणित रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये द्यायला सुरुवात केली. तिथे मालक सिद्ध करत बसावे लागत नाही, आजार प्रमाणित झाला की पुरे. मध्य प्रदेशातून गुजरातमध्ये क्वार्ट्झ दळायला गेलेल्या आदिवासी कामगारांच्या मृत्यूंबद्दल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. कोल्हापूरच्या फेटलिंगवाल्याकडे पंधरा वर्षांच्या पावत्या कुठून असणार? राजस्थानसारखे धोरण महाराष्ट्राने आणावे, ही मागणी कामगार संघटनांनी आणि कारखानदारांच्या संघटनांनीही एकत्र लावून धरावी.

तक्रार आणि मोफत वकील

धुळीची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी करा. त्यांचे कार्यालय कोल्हापुरात आहे. नाव द्यायची भीती वाटत असेल तर संघटनेमार्फत द्या. तक्रारीत "फार धूळ आहे" असे मोघम लिहू नका. "नॉकआऊटचे सक्शन बंद आहे, रात्रपाळीत फेटलिंगला बारा माणसे, मास्क नाहीत, वर्षभर एक्स-रे नाही" असे लिहा. पोच घ्या. महिनाभरात काही हालचाल झाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचे काय? त्या कारखान्याच्या तपासणीचे अहवाल, धुळीच्या मोजणीचे अहवाल आणि कळवलेल्या व्यावसायिक आजारांची संख्या. मालकाने सरकारला दिलेले धूळमोजणीचे कागद असेच हाती लागतात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दावा सोडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते.

कामगाराचा मृत्यू झाला आणि आधी पक्के निदान झालेले नसेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा, आणि फुप्फुसाचा तुकडा तपासणीला पाठवावा असे लेखी मागा. घरच्यांना त्या वेळी हे फार जड जाते. पण अंत्यसंस्कारानंतर हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले फेटलिंगवर मोठ्या संख्येने आहेत. दम लागायला लागला की ती गावी निघून जातात आणि तिथे टीबीचे म्हणून नोंदली जातात. तुमच्या खात्यातला असा कोणी निघाला असेल तर गाडीत बसण्याआधी त्याचा एक्स-रे काढून घ्या, केसपेपरवर काम लिहून घ्या, पीएफ-ईएसआयचे क्रमांक आणि दोन सहकाऱ्यांचे पत्ते त्याच्या पिशवीत द्या. भरपाईचा दावा करायला त्याला कोल्हापूरला परत यावे लागत नाही. तो राहतो त्या भागातल्या अधिकाऱ्याकडेही दावा दाखल करता येतो.